जुन्या लष्करी जीपची टाकी : ‘बदलून टाका’ म्हणणाऱ्यांना उत्तर

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात जुन्या लष्करी गाड्या सांभाळणाऱ्यांमध्ये एक मत आता इतकं पक्कं झालं आहे की त्यावर कुणी प्रश्नही विचारत नाही. गाडी दुसऱ्या महायुद्धातली विलिस असो, लिलावात घेतलेली जोंगा असो की निसानचा वन-टन; टाकीतून पेट्रोल झिरपायला लागलं, तळाशी गंजाचा चुरा दिसला, की पहिला सल्ला ठरलेला असतो : टाकी काढा आणि नवी करून घ्या. भोसरीत पत्रा कापायला लेझर आहे, वाकवायला प्रेस ब्रेक आहे, जोडायला टिग वेल्डर आहे. मग जुन्या डब्याच्या मागे कशाला लागायचं?

माझं मत याच्या विरुद्ध आहे. गळणाऱ्या टाक्यांपैकी बऱ्याच दुरुस्त होण्याजोग्या असतात. दुरुस्तीच्या वाटेनं गेल्यावरच टाकी का गेली हे कळतं. बदलीच्या वाटेवर ते कळायची गरजच पडत नाही आणि नवी टाकी त्याच कारणानं पुन्हा जाते. या पट्ट्यातल्या ज्या कारखानदारीचा हवाला देऊन बदलीचा सल्ला दिला जातो, ती कारखानदारी दुरुस्तीच्या बाजूनं अधिक भक्कम साक्ष देते.

आधी समोरच्या पक्षाचं म्हणणं नीट मांडतो, कारण ते पोकळ नाही. त्यांचा पहिला मुद्दा जिवाचा आहे. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के मिसळली की ठिणगीनं स्फोट होतो. विलिसच्या टाकीत १५ अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे ५७ लिटर पेट्रोल मावतं. एवढ्या पोकळीत स्फोटक मिश्रण तयार व्हायला लिटरपेक्षाही कमी वाफ पुरते आणि तेवढी वाफ चहाच्या एका चमच्याएवढ्या पेट्रोलमधून निघते. टाकीच्या शिवणीत आणि तळाला चिकटलेल्या चिकट थरात एवढं पेट्रोल सहज दडून राहतं. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक असते ती यामुळेच. दुसरा मुद्दा : टाकी हा झिजणारा सुटा भाग आहे, खुद्द फौजसुद्धा ती बदलतच असे. तिसरा मुद्दा आजच्या पेट्रोलचा. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुन्या टाक्या त्यासाठी बनलेल्याच नाहीत. चौथा मुद्दा सोयीचा : नवी टाकी करून मिळते, तर ती का घेऊ नये?

यातल्या जिवाच्या मुद्द्याला मी सर्वांत जास्त मान देतो, म्हणून त्यालाच आधी आणि सविस्तर उत्तर देतो.

धोका ज्योतीत आहे. जुनी टाकी घेऊन गॅस वेल्डरकडे जाणं आणि तिला दुरुस्त करणं या दोन गोष्टी एकच समजल्या गेल्यामुळे हा सगळा घोटाळा झाला आहे. ऑक्सि-ॲसिटिलिनची ज्योत तीन हजार अंशांच्या वर जाते. त्या काळातल्या पोलादी टाक्यांच्या पत्र्यावर शिसं आणि कथील यांचा पातळ मुलामा असे. या मुलाम्यावर ज्योत लावली की भोकाभोवतीचा मुलामा जळून जातो, शिशाचा धूर कारागिराच्या छातीत जातो आणि टाक्याच्या कडेला उघडं पोलाद उरतं. वर्ष-दोन वर्षांनी टाका शाबूत आणि त्याच्या शेजारी नवं भोक, असं दृश्य दिसतं ते त्यामुळे. मग लोक म्हणतात, बघा, दुरुस्ती टिकत नाही. टिकली नाही ती चुकीची पद्धत. अशा टाकीला हवा असतो कथलाचा डाग. साठ टक्के कथील आणि चाळीस टक्के शिसं यांचा डाग १९० अंशांच्या आसपास पूर्ण वितळतो, आणि पत्र्यावरचा मुलामा त्याच दोन धातूंचा असल्यामुळे तो तिथे असा धरतो की भोक बुजतं आणि मुलामाही सलग राहतो. भोक मोठं असेल तर त्यावर पितळेची किंवा कथील चढवलेल्या पत्र्याची चकती ठेवून तिच्या कडेनं डाग फिरवायचा.

पण डाग देतानाही टाकी वाफमुक्तच हवी, इथे तडजोड नाही. डाग देण्याचं तापवलेलं हत्यार तीनशे अंशांच्या वर असतं आणि पेट्रोलची वाफ त्याच्या आसपासच्या तापमानाला आपोआप पेटू शकते. टाकी गाडीतून बाहेर काढायची. फ्लोट, नळी, ड्रेन प्लग, झाकण, सगळं उघडायचं. साबणाच्या कडकडीत पाण्यानं पुन्हापुन्हा खळबळून मग वाफ सोडायची, आणि ती शिवण आतून तापेपर्यंत, म्हणजे तासन्‌तास. टाकी दिवसरात्र उन्हावाऱ्यात उघडी ठेवली की झालं, हा समज जीवघेणा आहे. चिकट थर तापला की त्यातून वाफ परत सुटते. दुसऱ्या गाडीच्या सायलेन्सरचा धूर टाकीत भरून वेल्डिंग करण्याची एक जुनी युक्ती अजून सांगितली जाते, तीही सोडून द्यावी. त्या धुरात ऑक्सिजन किती उरला आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. त्याऐवजी काम चालू असेपर्यंत टाकीत कार्बन डायऑक्साइड किंवा अरगॉन सोडत राहायचं, तेही मोकळ्या हवेशीर जागेत, कारण बंद खोलीत हाच वायू कारागिराचा श्वास कोंडेल.

आता या पट्ट्याकडे बघा. वाफ देणारे बॉयलर इथे आहेत. अरगॉन आणि कार्बन डायऑक्साइडची नळकांडी भोसरी-तळवड्याच्या जवळजवळ प्रत्येक वेल्डिंग शेडमध्ये उभी असतात. ज्वलनशील वायू मोजणारं हातातलं यंत्र मोठ्या कारखान्यांच्या सुरक्षा विभागात असतं. बंद टाकीत माणूस उतरवण्याआधी ते वापरतात. पेट्रोल वाहणाऱ्या टँकरवर ज्योतीचं काम करण्याआधी तो वायुमुक्त असल्याची खात्री करण्याची शिस्त या देशात आहे, आणि त्या विषयाचं नियमन करणाऱ्या केंद्रीय संस्थेचं, पेसोचं, मुख्यालय आपल्याच राज्यात नागपूरला आहे. जीपच्या टाकीला तीच शिस्त लावायची आहे, एवढंच. ज्याला ती लावायची तयारी नाही त्यानं टाकीला हात लावू नये, हे मला मान्य आहे. पण मग तो कारागिराचा नकार झाला. टाकी दुरुस्त होत नाही हे त्यानं सिद्ध होत नाही.

आणि बदलीमुळे धोका नाहीसा होतो, हे तर मुळीच खरं नाही. काढलेली जुनी टाकी कुठे जाते? ती भंगारात जाते. तिथे कुणीतरी कमी मजुरीवर काम करणारा माणूस न धुतलेल्या टाकीवर गॅस कटर चालवतो. चमचाभर पेट्रोलचं गणित त्याच्यासाठीही तेच आहे, फक्त त्याला ते कुणी सांगितलेलं नसतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेनं चिखलीजवळच्या कुदळवाडीतली हजारो बेकायदा बांधकामं, त्यात भंगाराची गोदामं आणि शेड, पाडली. तिथलं काम दुसरीकडे विखुरलं, थांबलं नाही. सुरक्षिततेचं नाव घेऊन मालकानं आपला धोका त्या माणसाच्या अंगावर ढकलणं मला पटत नाही. टाकी बदलायचीच असेल, तर तीसुद्धा वाफ देऊन, वायुमुक्त करूनच घराबाहेर जायला हवी. तेवढं केलं की दुरुस्तीचं सर्वांत अवघड काम होऊनच जातं!

आता कारणाकडे येतो. माझ्या लेखी या वादाचं मर्म इथे आहे.

विलिस एमबी आणि तिची जुळी बहीण फोर्ड जीपीडब्ल्यू यांच्यात टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, बॉडीच्या फरशीत केलेल्या खोलगट घरात बसवलेली असते. पेट्रोल भरायचं तर सीटची गादी उचलावी लागते. चिखल, वाळलेलं गवत, पावसाचं पाणी, सगळं त्या घरात उतरतं. तळाला पाणी निघून जाण्यासाठी केलेलं भोक बुजलं की टाकी महिनोन्‌महिने ओल्या चिखलात बसून राहते. जून ते सप्टेंबर पुण्या-मावळच्या हवेत तो चिखल वाळत नाही. टाकी मग बाहेरून आत गंजते. अशी टाकी काढून भोक भिंगाखाली पाहिलं तर खड्डा बाहेरच्या अंगाला रुंद आणि आत निमुळता दिसतो. उलट, टाकी अर्धी रिकामी ठेवून आत ओलावा साठत गेला असेल तर खड्डा आतून रुंद असतो आणि बाहेर फक्त टाचणीएवढं छिद्र दिसतं. टाकी आवळणाऱ्या पट्ट्यांखालचं कापड किंवा नमदा पाणी धरून ठेवत असेल तर गंजाची सरळ रेघ बरोबर पट्टीच्या जागी उमटते. पट्ट्या ढिल्या असतील तर टाकी हादरत राहते आणि पेट्रोल हिंदकळू न देणारे आतले आडवे पडदे जिथे ठिपक्यांच्या वेल्डनं जोडलेले असतात तिथे बारीक चिरा पडतात. या प्रकारात गंजाचा संबंधच नसतो.

म्हणजे एकाच तक्रारीची ही चार वेगळी मुळं झाली आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा. पहिल्यात घराचं भोक मोकळं करून फरशीला रंग द्यायला हवा. दुसऱ्यात साठवणुकीची सवय बदलायला हवी. तिसऱ्यात नमदा काढून पाणी न धरणारी रबराची पट्टी घालायला हवी. चौथ्यात पट्ट्या आवळायला हव्यात. पाचवी एक शक्यता फार वेळा निघते आणि ती तर टाकीची नसतेच. फ्लोटखालचं बुचाच्या सालीचं गॅस्केट आक्रसलेलं असतं किंवा ड्रेन प्लगचा वॉशर गेलेला असतो. पेट्रोल टाकीच्या अंगावरून ओघळून खालच्या कडेला थेंब धरतं आणि तळ गळतो आहे असं वाटतं. झाकणातलं हवेचं छिद्र बुजलं म्हणून इंजिन अडखळू लागलं आणि टाकीत कचरा आहे असं ठरवून टाकीच उतरवली, हाही याच जातीचा घोळ. दहा मिनिटांच्या कामासाठी अख्खी टाकी भंगारात गेलेली पाहिली की जीव तुटतो.

जो दुरुस्ती करायला बसतो त्याला हे सगळं पाहावंच लागतं, कारण डाग कुठे द्यायचा हे त्यावर ठरतं. जो बदलतो तो चार बोल्ट सोडतो, जुनी बाहेर, नवी आत. घराचं भोक बुजलेलंच राहतं. नव्या टाकीचं तकतकीत अंग त्याच चिखलात जाऊन बसतं.

फौज टाकी बदलत असे, हा दाखला अर्धा आहे. युद्धकाळात अमेरिकी लष्कराची दुरुस्तीची रचना पायऱ्यापायऱ्यांची होती. पुढच्या तुकडीनं बिघडलेला भाग काढायचा, तयार भाग बसवायचा आणि गाडी चालती करायची. काढलेला भाग मागच्या मोठ्या वर्कशॉपकडे जायचा, तिथे तो दुरुस्त होऊन पुन्हा साठ्यात यायचा. आपल्याकडे याच कामासाठी १९४३ मध्ये इलेक्ट्रिकल अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स ही स्वतंत्र शाखा उभी राहिली. समोर तोफा चालू असताना तुकडीला डाग देत बसायला वेळ नव्हता, म्हणून ती बदल करी. मागचं वर्कशॉप दुरुस्त करी म्हणून पुढचा बदल परवडत असे. पिंपरीच्या वेशीवर खडकीला ५१२ आर्मी बेस वर्कशॉप आहे, चिलखती वाहनांच्या संपूर्ण फेरबांधणीसाठी ते ओळखलं जातं. दापोडीला एसटीचं मध्यवर्ती वर्कशॉप आहे. चाकणला मोठे कारखाने येण्याच्या कितीतरी आधीपासून या रस्त्यावर जुनं पुन्हा उभं करण्याची विद्या नांदते आहे. आज रविवारी जीप बाहेर काढणाऱ्या मालकावर तोफा चालू नाहीत. तो आघाडीवर नसून मागच्या वर्कशॉपमध्ये उभा आहे; नियम त्यानं तिथला पाळावा.

इथेनॉलचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट सरकारनं २०३० वरून २०२५-२६ वर आणलं, फेब्रुवारी २०२३ मध्ये असं पेट्रोल पंपांवर यायला सुरुवात झाली. त्या इथेनॉलचा काही वाटा महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांमधून येतो; ऊस पिकवणाऱ्या घरांना त्यातून पैसा मिळतो आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. प्रमाणाबाहेर पाणी मिसळलं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर होतो, आणि जड असल्यामुळे तो तळाला बसतो. नेमका तिथे, जिथे जुनी टाकी आधीच खंगलेली असते. शिसं-कथलाच्या मुलाम्याला आणि जस्तालाही तो खातो. एवढं सगळं मान्य.

पण यातून नवी टाकी करा हा निष्कर्ष कसा निघतो? सामान्य शेडमध्ये करून मिळणारी टाकी साध्या पोलादी पत्र्याची असते, आतून उघडी. जुन्या टाकीवर निदान झिजलेला मुलामा तरी होता. इथे तोही नाही. गंज टाळायचा म्हणून कुणी जस्ताचा, म्हणजे जीआय पत्रा वापरला तर त्यानं इथेनॉलला आवडता खाऊच पुढे ठेवला. राहिली स्टेनलेसची टाकी. ती पेट्रोलला दाद देत नाही, हे खरं. पण जाड स्टेनलेस पत्रा सरळ घड्या घालून वेल्ड केला की त्याला मूळ दाबून घडवलेल्या टाकीचे गोल कोपरे येत नाहीत. हादऱ्यांचा ताण वेल्डच्या कडेवर एकवटतो आणि चीर तिथूनच सुरू होते. वजनाचा हिशेब करून पाहा. या टाकीचा पत्रा साधारण एक चौरस मीटर भरतो; एक मिलिमीटर जाडीला पावणेआठ किलोच्या आसपास आणि दोन मिलिमीटरला त्याच्या दुप्पट. ‘मजबूत’ म्हणून जाड पत्रा घ्यायचा आणि तो जुन्या पट्ट्यांवर लटकवायचा, यात मजबुती कसली? शिवाय आतले आडवे पडदे बहुतेक वेळा गाळले जातात, कारण ते बाहेरून दिसत नाहीत. अर्ध्या भरलेल्या टाकीतलं वीस-पंचवीस किलो पेट्रोल मग वळणावर एका बाजूनं दुसऱ्या बाजूला आपटत राहतं. नळीचं तोंड तळापासून किती उंच असावं, तळाचा खोलगा कुठे असावा, हेही अंदाजानं ठरतं.

इथेनॉलवरचा खरा उपाय धातूत नाही, वापरात आहे. जी गाडी २६ जानेवारीला, १५ ऑगस्टला आणि एखाद्या रॅलीला निघते, तिच्या टाकीत मधले महिने पेट्रोल ठेवूच नये. ते काढून रोजच्या गाडीत संपवावं, टाकी कोरडी करावी, आत पातळ तेलाचा हात फिरवावा आणि तोंडं बंद करावीत. चालू हंगामात दर काही आठवड्यांनी ड्रेन प्लगमधून तळाचं थोडं काढून काचेच्या बाटलीत पाहावं. पाण्याचा थर लगेच दिसतो. आणि टाकी सोन्याची केली तरी जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि बुचाची गॅस्केटं तशीच राहिली तर इथेनॉल तिथे वाट काढणारच. तो प्रश्न अख्ख्या इंधनव्यवस्थेचा आहे. एकट्या टाकीचा बळी देऊन तो सुटत नाही.

इथे दुरुस्तीच्या बाजूनं बोलणाऱ्या काही मंडळींशीही माझा मतभेद सांगून ठेवतो. त्यांच्या लेखी दुरुस्ती म्हणजे टाकीत रसायन ओतायचं, घोळवायचं आणि आत प्लॅस्टिकसारखा थर बसवायचा. नीट साफ न झालेल्या गंजावर हा थर धरत नाही. त्याचे पापुद्रे सुटून नळीत अडकतात आणि त्याखाली गंज कुणाला न दिसता वाढत राहतो. जुन्या प्रकारची काही रसायनं तर अल्कोहोलमध्ये मऊ पडतात. एकदा हा थर बसला की पुढच्या माणसाला डागही देता येत नाही. वाटेत गळती लागली तर ड्रायव्हर लोक भोकावर साबणाची वडी घासून गाडी घरापर्यंत आणत. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून ते जमे. घरी आल्यावर मात्र तो साबण पुसून खरं काम करत. आतल्या थरालाही त्याहून मोठा मान देऊ नये.

मूळपणाच्या मुद्द्याला हळवेपणा म्हणून उडवलं जातं. फोर्डनं बनवलेल्या जीपच्या कितीतरी भागांवर, बोल्टांवरसुद्धा, ‘एफ’ हे अक्षर उमटवलेलं असे. सुरुवातीच्या टाक्यांचं तोंड लहान होतं, पुढे मोठ्या तोंडाची आणि वर ओढता येणाऱ्या गळ्याची टाकी आली. युद्धात डब्यानं पेट्रोल भरणाऱ्या माणसांच्या अडचणीतून झालेला तो बदल पत्र्यात नोंदला गेला आहे. टाकी गेली की ती नोंदही गेली. जुनी वाहनं जपणाऱ्यांची जागतिक संघटना फिव्हा हिची ट्यूरिन सनदही मूळ द्रव्य शक्य तेवढं राखण्याचाच आग्रह धरते.

आणि ज्यांना सनदांशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी कायदा आहे. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. आता बदलीचा सर्वांत स्वस्त मार्ग कोणता, तर महिंद्राच्या सीजे जातीच्या जीपची टाकी. महिंद्रानं १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीप जोडायला घेतल्या आणि पुढे सीजे-३बी देशभर पोचवली, म्हणून हा माल मुबलक. पण सीजेमध्ये पेट्रोल भरायचं तोंड बॉडीच्या बाहेर, बाजूला असतं. ती टाकी युद्धकाळातल्या विलिसमध्ये घालायची तर बॉडीला बाजूनं भोक पाडावं लागतं. पत्र्याच्या चार गळक्या छिद्रांवर उपाय म्हणून बॉडीतच तळहाताएवढं भोक! एमएच-१४ च्या, म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या, परिवहन कार्यालयात उद्या व्हिंटेज नोंदणीसाठी तीच गाडी उभी राहील तेव्हा ‘मूळ स्वरूप’ या अटीचं उत्तर मालकानं काय द्यायचं?

राहिला सोयीचा मुद्दा. नवं करणं सोपं आहे, पण जुनं तपासणंही इथे तितकंच सोपं आहे. पत्र्याची उरलेली जाडी ध्वनिलहरींनी मोजणारं यंत्र या पट्ट्यातल्या तपासणी प्रयोगशाळांमध्ये असतं. टाकीच्या तळावर चौकटी आखून जाडी लिहून काढली की कुठे पत्रा शाबूत आणि कुठे कागद झाला आहे याचा नकाशाच मिळतो. पावडर कोटिंगवाल्यांकडे ग्रीस काढण्यापासून फॉस्फेटपर्यंतच्या सात टाक्यांची रांग असते. फक्त त्यांना आधी सांगावं लागतं की कडक सोडा आणि आम्ल मुलाम्याला खातात, म्हणून मुलामा शाबूत असलेली टाकी त्या रांगेत बुडवू नका. तिच्या आतला हलका गंज सौम्य सायट्रिक आम्लाला थोड्या वेळात निघतो. मुलामा संपलेल्या टाकीसाठी पाण्यात कालवलेली काकवीही चालते. एक भाग काकवी, नऊ भाग पाणी आणि काही आठवड्यांचा धीर. ती गंज सोडवते आणि पोलादाला जवळजवळ हात लावत नाही. मग सोड्याच्या पाण्यानं धुऊन लगेच वाळवायचं, नाहीतर तासाभरात नवा तांबडा थर चढतो.

डाग दिल्यावरची चाचणी बहुतेक ठिकाणी चुकीची होते. कंप्रेसरची नळी लावून सात बारचा दाब सोडला तर साठ बाय चाळीस सेंटिमीटरच्या तळावर सुमारे सतरा टन जोर पडतो. टाकी फुगून बाद होते आणि दोष जुन्या पत्र्याला मिळतो. बारचा पाचवा भाग आणि साबणाचा फेस पुरेसा आहे. त्याहून मला आवडते ती जुनी रीत : बाहेरून खडूची पूड पाण्यात कालवून लावायची, वाळू द्यायची आणि आत रॉकेल भरून रात्रभर ठेवायचं. जिथे सूक्ष्म गळती असेल तिथे सकाळी खडूवर काळपट ठिपका उमटलेला असतो. दाब देऊन न सापडणारी छिद्रंही यात सापडतात.

हे काम करणारे हात कोण? रेडिएटरवाले. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला तांब्या-पितळेच्या रेडिएटरला डाग देण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांच्याइतकी पातळ पत्र्यावरच्या उष्णतेची जाण कुठल्याही टिग वेल्डरला नाही. पण आता गाड्यांना ॲल्युमिनियमचे, प्लॅस्टिकच्या बाजूंचे रेडिएटर येतात. त्यांना डाग लागत नाही, ते बदलतात. गाड्यांच्या टाक्याही बहुतेक प्लॅस्टिकच्या झाल्या. कामच येत नाही तेव्हा मुलं हे शिकत नाहीत. टाकी बदलून घेणारा प्रत्येक मालक या हातांकडचं उरलंसुरलं कामही काढून घेतो आणि मग आता दुरुस्त करणारं कुणी मिळत नाही म्हणतो. मला या सगळ्यात सर्वांत जास्त दुःख याचं होतं.

बदली कधीच करू नये, असं मी म्हणत नाही. जाडीच्या नकाशात तळाचा मोठा भाग निम्म्याहून कमी उरला असेल, शिवण लांबपर्यंत कुजली असेल, किंवा आधीच्या वेल्डिंगनं पत्रा जळून ठिसूळ झाला असेल, तर डागावर डाग चढवत बसणं हा अट्टहास आहे. पण तेव्हाही अख्खी टाकी जायला हवी असं नाही. गंज बहुधा खालच्या अंगाला असतो. वरचा भाग, तोंड, फ्लोटची बैठक आणि ठसे चांगले असतात. तेव्हा खालचा पत्रा शिवणीवर कापून काढायचा, मूळ जाडीचा नवा पत्रा त्याच गोलाईत ठोकून घ्यायचा, आतले पडदे पुन्हा जोडायचे आणि वरच्या जुन्या भागाशी शिवण बांधून डाग द्यायचा. भोसरीतल्या पत्र्याच्या कारागिराला हे काम जमतं. त्याच्यापुढे नमुना म्हणून जुना तळ ठेवला की झालं. लेझर आणि प्रेस ब्रेक इथे खुशाल वापरावेत.

ज्या गाड्या चालणारच नाहीत, संग्रहालयात किंवा एखाद्या संस्थेच्या फाटकापाशी चौथऱ्यावर उभ्या आहेत, त्यांच्या टाकीबाबत तर हा वाद उद्भवायलाच नको. तिथे टाकी वायुमुक्त करून, कोरडी करून जागच्या जागी ठेवावी. भोकं असली तरी असू द्यावीत.

आणि एवढ्यावरही कुणी नवी टाकी बसवलीच, तर जुनी वाफ देऊन, धुऊन, वाळवून घरीच ठेवावी. तिच्यावर गाडीचा नंबर, काढल्याची तारीख आणि कुठे कशानं गळत होती हे रंगानं लिहून ठेवावं. पुढच्या मालकाला नळीची उंची, पडद्यांची जागा आणि पट्ट्यांच्या खुणा दुसरीकडे कुठेही मिळणार नाहीत, आणि नवी टाकी गळायला लागेल त्या दिवशी या जुन्या टाकीची पहिली गरज त्यालाच पडेल.